बाटलीवर गाईचं तोंड दिसत नाही

पुन्हा पुन्हा गाभडणारी, दिवस भरण्याआधीच गर्भ टाकणारी गाय दादाला नकोशी झाली, तेव्हा त्यानं ती सख्ख्या धाकट्या बहिणीच्याच गळ्यात मारायचं ठरवलं. बहीण नव्यानंच गोठा थाटत होती. "आधी दुधाची पीसीआर तपासणी करून घेऊ, मगच गाय नेईन," एवढंच ती म्हणाली.

"चार बुकं काय शिकली, भावावर संशय घ्यायला लागली!" दादा घरी येऊन फिस्कारला. मग त्यानं घरच्या दुधासाठी राखलेली धडधाकट गाय पिळली, बाटलीवर आजारी गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर टाकला आणि ती स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिली. बाटलीवर थोडंच गाईचं तोंड दिसतं!

निकालाच्या दिवशी तो बहिणीला मुद्दाम सोबत घेऊन गेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या दुधात ब्रुसेलाच्या जंतूंचा डीएनए सापडलाय. गाई गाभडतात त्या यानंच, आणि कच्च्या दुधातून माणसालाही हा रोग होतो."

"मशीन भिकार आहे तुमचं!" दादा उसळला. "ते दूध त्या गाईचं नव्हतंच मुळी!"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. बहिणीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की गोचिडीकडेही कुणी इतक्या किळसेनं पाहत नसेल.

"मग कुठल्या गाईचं होतं, दादा?"



दादा घाईघाईनं घरी फोन लावत होता, कारण नातवाची धारोष्ण दुधाची वेळ झाली होती.