फोटोतून काढलेली बाई

“हिला काढून टाका. कडेवरच्या मुलीलाही.”

शिवणवर्गाचा ग्रुप फोटो होता. दुसऱ्या रांगेत एक बाई, तिच्या कडेवर लहानगी. दोघी कशाला तरी खळखळून हसत होत्या. फोटो आणणारा माणूस मात्र हसत नव्हता. शर्टाचं गळ्याचं बटणही लावलेलं, नजर सारखी दाराकडे.

स्टुडिओवालीनं नवं सॉफ्टवेअर उघडलं. पूर्वी अशा कामात अख्खी सकाळ जायची. भिंतीचा एक तुकडा उचला, तिथे चिकटवा, कडा घासत बसा. आता माणसाभोवती रेघ ओढली की झालं. मागची भिंत, खिडकी, सावली, सगळं ते आपलं आपण भरून काढायचं. नवं खेळणं मिळाल्यासारखी ती त्यात रमली होती. “एक दिवस मलाच पुसशील,” नवरा म्हणायचा. “तू आधी भांडी पूस,” ती म्हणायची.

तिनं रेघ ओढली. बाई गेली. मुलगी गेली. शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या बाहीवर चार इवलीशी बोटं तेवढी उरली.

टेबलाजवळच्या पाळण्यात तिची ठमी झोपली होती. तीही झोपताना अशीच बाही धरून ठेवायची.

“बोटं राहिलीत,” माणूस म्हणाला.

“काढते. तुमच्या मिसेस का?”

“फोटो आजच हवाय. शिवणवर्गवाले त्यांच्या फेसबुकच्या पानावरचा बदलायला तयार झालेत.”

“पण त्यांना माहितीये ना?”

“ताई, ती कुठंही दिसता कामा नये. झालं.” मग जरा थांबून, “आणि मूळ फोटो माझ्यासमोर पुसा.”

तिनं पुसला. पण स्टुडिओत आलेला प्रत्येक फोटो आधी दुसऱ्या डिस्कवर जायचा. मूळ फोटो कधी घालवायचा नाही, हे तिच्या हाताला लागलेलं वळण होतं. ते त्याला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर असे किती तरी फोटो त्यानं आणले. बागेतले, बसस्टॉपवरचे, कुणाच्या तरी लग्नातले. प्रत्येकातून त्या दोघीच काढायच्या.

“तू मागे त्याच्याकडे प्रिंट द्यायला गेलास,” एका रात्री जेवताना तिनं नवऱ्याला विचारलं, “तेव्हा घरात बाई दिसली?”

“दार उघडलं बोटभर. साखळी लावलेली. हात बाहेर आला, पाकीट आत गेलं.”

“मग?”

“मग काय? आत पोर रडत होतं. कुणी तोंडावर हात ठेवावा तसं एकदम गप्प झालं.”

तिचा घास हातातच राहिला. “आणि हे तू आत्ता सांगतोयस?”

“तू आत्ता विचारलंस!”

“पोलिसांत जाऊ या.”

“आणि सांगायचं काय? एक माणूस फोटो दुरुस्त करून घेतो, त्याला पकडा?”

दुसऱ्या दिवशी नवरा बाहेरच्या कामाला गेला. ठमी अंगावर पिऊन झोपली. तशीच तिला मांडीवर ठेवून एका हातानं तिनं सॉफ्टवेअरमधली अजून न वापरलेली सोय उघडली. चेहरा द्यायचा, तो इंटरनेटवर कुठं कुठं आहे ते शोधून मिळायचं. तिनं डिस्कवरचा हसरा चेहरा दिला.

एकच जागा सापडली. तोच चेहरा, थोडा तरुण. खाली मजकूर: ‘माझी लेक आणि नात बेपत्ता आहेत. कुणाला दिसल्या तर या आईला कळवा.’ आणि फोन नंबर.

तिनं लगेच फोन लावला.

“जिवंत आहे ना गं ती?” पलीकडून म्हातारा, थकलेला आवाज आला. “तुला मूलबाळ?”

“एक मुलगी आहे.”

“मग तुला मी काय सांगू, पोरी!”

तिला रडूच फुटलं. ठमी दचकून उठली.

दुपारी गाडी आली. म्हातारी एकटीच उतरली. गाडी चालवणारा माणूस तसाच बसून राहिला. “माझा मुलगा,” ती म्हणाली. “बहिणीपायी पार खचलाय. तोंडातून शब्द निघत नाही त्याच्या.”

पडद्यावर फोटो उघडताच म्हातारीनं नातीच्या गालावरून बोट फिरवलं. लेकीकडे तिनं पाहिलंच नाही. बघवत नसेल, स्टुडिओवालीला वाटलं.

“कुठं आहेत या?”

गिऱ्हाइकाचा पत्ता असा द्यावा का? मग आठवला तो दाराआडचा, दाबून टाकलेला रडण्याचा आवाज. तिनं पत्ता सांगितला. वर खुणेची पाण्याची टाकीही सांगितली, शोधाशोध नको म्हणून.

“सुखी राहा,” म्हातारी म्हणाली. ठमीच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेली.

स्टुडिओवालीनं कितीतरी वेळानं मोकळा श्वास घेतला. ठमीला खांद्यावर टाकून ती थोपटत होती, तेवढ्यात काचेचं दार ढकलून कुणीतरी आत आलं.

केस अगदी बारीक कापलेले होते. तरी चेहरा तिनं क्षणात ओळखला. स्वतःच्या हातानं इतक्यांदा पुसलेला चेहरा, पापण्यांसकट पाठ झालेला. कडेवर तीच मुलगी.

“पासपोर्टचे फोटो हवे होते,” बाई हळूच म्हणाली. “दोघींचे. लवकर मिळतील ना? उद्या निघायचंय.”

“अगंबाई, तुम्ही! बऱ्या आहात ना? कसं निसटलात त्याच्या तावडीतून?” आनंदानं तिला बोलणं सुधरेना. “चुकामूक झाली बघा. तुमची आई आत्ताच गेली तुमच्या घरी. भाऊपण आहे बरोबर. आता घाबरायचं काही कारण नाही.”

बाईनं मुलीला घट्ट धरलं. मुलीनं तिची बाही मुठीत धरली.

“त्यांना पत्ता कुणी दिला?”

“मीच दिला.”

बाईनं काचेतून रस्त्याकडे पाहिलं. मग मुलीला काउंटरमागे, पाळण्याच्या आडोशाला उभं केलं.

“मला भाऊ एकच,” ती म्हणाली. “तुमच्याकडे फोटो घेऊन येतो तो. माझ्या नवऱ्यापासून आम्हाला लपवतोय. आत्ता घरी एकटा आहे. आणि आमची आई, मी शाळेत होते तेव्हाच गेली.”