बिनकाट्याचा घास

“आई, हात मागे घे. तिचं ती करेल.”

उन्नतीने असं म्हटल्यावर हंसाबाईने नातीच्या ताटाकडे नेलेला हात मुकाट्याने आपल्या मांडीवर ठेवला.

ताटात भिंग होती. चवीला गोड, पण अंगभर केसासारखे काटे. नवापुरातली जाणती माणसंसुद्धा हा मासा खाताना बोलत नाहीत. आणि आज तो खायला बसली होती साडेचार वर्षांची रूपल! गावातल्या सगळ्या आज्या काटे काढून, भातात कालवून, घास चाचपून मगच नातवंडांच्या तोंडात घालतात. हंसाबाईचंही आयुष्य त्यातच गेलं. पण लेक पडली बोईसरच्या बालवर्गाची बाई. तिच्यापुढे आजीचं काय चालणार?

“भिंग हाय गो ती. निदान पाठीकडचा तुकडा तरी मी काढून देते.”

“आई, या वयात मूल स्वतः पुढे होऊन काहीतरी करायला बघतं. तेव्हा आपण सारखा हात आडवा घातला, की ते मनातून खचतं. शनिवारी पालकांना मी हेच सांगते, आणि आपल्याच पोरीला भरवत बसू?”

“पालकांना सांग खुशाल. काटा काय तुज्या शाळेत शिकलाय?”

उन्नती खळखळून हसली. तिला खात्री होती. रूपल बटणं लावत होती, तांब्यातून पाणी ओतून घेत होती, एक थेंब सांडत नव्हता. आता भिंगीचे काटे! हा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकला, तर ‘आमच्याकडून होत नाही हो, बाई’ म्हणणाऱ्या सगळ्या आया गप्प बसतील. तिने फोन समोर धरला.

आणि खरंच, पोरीचे हात बघत राहावे असे होते. दोन बोटांनी मासा उकलायचा, काटा चिमटीत धरायचा, ताटाच्या कडेला लावायचा. दोन घास झाले. तिसरा घास घेतला आणि रूपल थांबली. तिने वर पाहिलं. मग नुसत्या भाताची मूठ भरून तिने तोंडात कोंबली आणि न चावता गिळली. पुन्हा एक मूठ. तिचे डोळे भरून आले.

हंसाबाई उठायला लागली. उन्नतीने मोकळ्या हाताने तिचं मनगट धरून खाली ओढलं.

“थांब गं,” ती कुजबुजली. “रमलीय ती. रमलेल्या मुलाला मधेच अडवायचं नसतं.”

त्या वेळी उन्नतीला लेकीचा केवढा अभिमान वाटत होता! ते आठवलं की पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःचीच चीड यायची.

रूपल आवाज न करता उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. बोंबील सुकत घातलेल्या बांबूच्या वलांडीखाली जाऊन ती पाठमोरी वाकली. “बघ, हातसुद्धा आपले आपणच धुणार,” असं म्हणत उन्नती फोन घेऊन मागोमाग गेली. मग तिला फोनच्या पडद्यावर दिसलं. पोरीने अख्खी मूठ तोंडात घातली होती, हनुवटीवरून लाळ गळत होती आणि लाळेत लाल रेघ होती.

फोन वाळूत पडला. उन्नती जागच्या जागी उभी राहिली, हंसाबाई तिला ढकलून पुढे धावली. एका हाताने नातीचा जबडा धरून तिने दुसऱ्या हाताचं बोट आत घातलं, एकदा चुकलं, मग ओढलं. बोटाच्या पेराएवढा काटा निघाला. रूपल ओकली, खोकली आणि मगच तिला रडू फुटलं.

उन्नतीने तिला मांडीवर घेतलं.

“रूपल, बाळा, मला हाक का नाही गं मारलीस?”

रूपलने नाक पुसलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगावं, तसं तिने सांगितलं.

“आजी येत होती. तू तिचा हात धरलास.”

हंसाबाईला बोलायला याहून चांगली संधी कुठे मिळाली असती! पण “जाऊ दे गो, होतं असं,” एवढंच म्हणून ती मिठाचं पाणी आणायला आत गेली. त्यापेक्षा ओरडली असती, तर उन्नतीला बरं वाटलं असतं. मूल आपलं आपण करत असताना मोठ्याने त्याच्यावरची नजर काढायची नाही, हेही बालवर्गाच्या प्रशिक्षणात तिला शिकवलं होतं की! तिने नजर कुठे काढली होती? ती बघतच होती, पण फोनमध्ये. पोरीने वर पाहिलं होतं, तेव्हा तिला आई दिसलीच नसेल.

उन्हं कलल्यावर रूपलला भूक लागली. उन्नतीने उरलेला तुकडा घेतला, दारातल्या उजेडात बसून एकेक काटा काढला, मासा दोन बोटांत चुरून पुन्हा पाहिला आणि भातात कालवून लहानसा घास वळला.

“घे, राणी. यात काटा नाही. आईने बघितलंय.”

रूपलने घासाकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं नाही, हात पुढे केला. घास घेऊन तिने ताटात ठेवला, फोडला, आणि खाली मान घालून ती त्यातलं एकेक शीत बोटांनी चाचपायला लागली. अगदी शिकवलं होतं तसं.