शेखाचा पाहुणा

"हौसे, कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मी दोह्यात समुद्रावरच्या हॉटेलात उतरलोय!" फोनची वायर पुरेल तेवढ्या येरझारा घालत जालिंदर वेल्डर गावच्या पोस्टात ताटकळलेल्या बायकोला सांगत होता. "माझं वेल्डिंग बघून शेख असला खूश झाला! म्हणाला, काम खलास, आता बसून खा. जेवण दारात येतं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं दिवसातून तीनदा तब्येत विचारतात. अगं, मासेसुद्धा खिडकीखाली येऊन सलाम ठोकतात!"

पलीकडे हौसाबाई हसलीच नाही.

"रेडिओवर तिकडच्या कॉलऱ्याचं सांगत होते," ती म्हणाली. "अहो, थापा पुरे. दाराला कडी आतून लावलीय, का बाहेरून?"