जपून न्यायची नळी

धुरपदाबाईच्या रक्तात लिव्हरचं एन्झाइम भलतंच वाढलंय म्हटल्यावर, दिवाळीलाही न फिरकलेला रणधीर पुण्याहून धावत कळंबला आला. डॉक्टरांना मात्र रिपोर्टचीच शंका आली. "नळी गाडीवर फार हिंदकळली की आतलं रक्त फुटतं, मग आकडा खोटाच वाढतो," म्हणत त्यांनी पुन्हा रक्त काढलं. "लॅबपर्यंत जपून न्या."

रणधीरनं मोटरसायकल काढली. "आये, नळी तू धर. रिपोर्ट चांगला आला की सांच्यालाच निघतो मी."

"व्हय बाबा," म्हणत धुरपदाबाई मागं बसली.

रस्ता नवा होता, कुठं खड्डा न्हवता. पदराखालची तिची मूठ मात्र, तान्ह्या रणधीरपुढं खुळखुळा वाजवायची तशी, लॅब येईस्तोवर हलत राहिली.