मूर्ती दिसली की थांबा

डबा खाऊन पुरातत्त्वतज्ज्ञ मृदुला परतली, तोवर जलवाहिनीचा चर पांढरीच्या, म्हणजे प्राचीन वस्तीच्या टेकाडात चांगला पन्नास फूट पुढे सरकला होता.

"पोपटभाऊ, काही लागलं का?"

"छे हो!" जेसीबीवाला हसला. "मूर्ती दिसली की थांबा, असं तुम्हीच सांगितलं होतं. मूर्ती एकही नाही. नुसती मडकी, तोंडाला तोंड लावून पुरलेली. आत कोंबडीची हाडं. दिली ढिगाऱ्यावर फेकून."

मृदुला तिकडे धावली. ढिगाऱ्यावर बसून तिनं हातांनी माती उपसली. ज्वारीच्या दाण्याएवढा एक दात तळहातावर आला.

"भाऊ, तीन हजार वर्षांपूर्वी दगावलेलं तान्हं बाळ असं मडक्यांत घालून घरातच पुरायचे."

पोपटभाऊनं यंत्र बंद केलं.

"मॅडम," तो कसाबसा म्हणाला, "अशा नऊ जोड्या होत्या."