फलकावरची चौथी ओळ

ओळ चौथी, कच्ची: ऐन प्रयोगात गायिकेचा आवाज गेला आणि पडदा पाडावा लागला. त्यानंतर त्या रंगमंचावर आल्या नाहीत.

"हे खोडा," दोरीकाका म्हणाले.

नाट्यगृहाच्या दाराशी लावायच्या फलकासाठी शाळेतल्या बाई इतिहास लिहीत होत्या. ऐंशी वर्षं, अकरा ओळी. काकांनी तिथे चाळीस वर्षं पडदा ओढला, म्हणून त्यांना मजकूर ऐकायला बोलावलं होतं. मानापुरतं.

"अहो काका, सगळं गाव हेच सांगतं."

"गाव खुर्चीत बसलं होतं. दोर माझ्या हातात होता."

बाईंनी कागद पुढे ओढला.

"आवाज नव्हता गेला. शेवटच्या ओळीआधी ती थांबली, श्वास घ्यायला. घरी कधी एवढी थांबायची नाही. मला वाटलं, अडली. म्हटलं, लोक हसायच्या आत झाकावं. सोडला दोर."

"घरी? म्हणजे त्या गायिका..."

"आमची हीच."

ओळ चौथी, सुधारलेली: पडदा ओढणाऱ्याच्या चुकीमुळे गाणं अर्धवट राहिलं. गायिकेचा आवाज शाबूत होता.

काकांनी 'शाबूत'वर बोट ठेवलं. "हा शब्द जरा ठसठशीत काढता येईल का?"

समितीचे अध्यक्ष चष्मा शोधत आले, वाचून हसले. "चुका कुठे दगडावर कोरतात का, दोरीकाका? झाकली मूठ राहू द्या."

ओळ चौथी, पक्की: याच काळात नव्या खुर्च्या बसवण्यात आल्या.

घरी काकू मटार सोलत होत्या. त्या प्रयोगाचं नाव या घरात बत्तीस वर्षं निघालं नव्हतं. गाणंही नाही; भांडी घासताना नाही, नातवंडांना निजवताना नाही.

"काय लिहिलंय माझ्याबद्दल?"

"काही नाही."

"बरं झालं."

काकांनी चपला काढल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या. "मी सांगितलं त्यांना. तू अडली नव्हतीस. माझी घाई झाली."

काकूंच्या हातातली शेंग अर्धी उघडी राहिली.

"त्यांना सांगितलंत," त्या म्हणाल्या. "मला कधी सांगितलं होतंत? मी आजवर समजून चालले, की मी खरंच वाईट गात होते, म्हणून तुम्ही..."

काका तिथेच उंबऱ्यावर बसले.

काकूंनी शेंग ताटात ठेवली. खिडकीकडे पाहत, विरलेल्या कापडासारख्या आवाजात त्या गाऊ लागल्या. एक ओळ. दुसरी. शेवटच्या ओळीच्या तोंडाशी येऊन थांबल्या.

काकांनी दोन्ही मुठी गुडघ्यांमध्ये गच्च दाबून धरल्या.