पुसलेला चष्मा

बाबांच्या खुनाच्या कटात त्यांचे भागीदार आणि त्यांनी पाठवलेला माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात होते. भर दुपारी त्या माणसाला आतून दार कोणी उघडून दिलं, हे मात्र आठ महिने खटला चालूनही कळलं नव्हतं. आज ठसेतज्ज्ञाने साक्ष दिली : झोपेत मारल्या गेलेल्या बाबांचा चष्मा घडी करून टेबलावर होता आणि त्यावर एकही ठसा नव्हता, खुद्द बाबांचाही नाही.

कोर्टातून घरी येताच त्यांची मुलगी धाकट्या भावाशी वाद घालायला बसली.

"मारेकऱ्यानेच पुसला असणार," भाऊ म्हणाला.

"दाराच्या कडीवरचे स्वतःचे ठसे तसेच ठेवून? आणि बाबा तर महिनोन्‌महिने चष्मा पुसायचे नाहीत."

"ताई, तू आता काळा कोटच शिवून घे." मग त्याचा आवाज उतरला. "मी त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने न येता दुपारच्या गाडीने आलो असतो, तर बाबा वाचले असते गं."

सोफ्यावर बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा चष्मा नाकावर नव्हता. शेजारच्या स्टुलावर होता, नीट घडी केलेला, काचा लख्ख.

"अगदी बाबांवर गेलीस," भाऊ स्वयंपाकघरातून हसत म्हणाला. "चष्मा लावूनच झोपतेस. आणि काचा किती कळकट! पुसून ठेवलाय बघ."

चष्म्याकडे गेलेला हात तिने मागे घेतला.

"त्या दिवशी तू नक्की कुठल्या गाडीने आलास रे?"